चार उन्हाळे टिकणारा लॅपटॉप

विदर्भातील शेतकरी कुटुंबात शिक्षणाचे वर्ष आणि पैशाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. जून-जुलैमध्ये बियाणे, खते आणि पेरणीची मजुरी यांत हातातली रोकड संपते, त्याच सुमारास प्रवेशाची फी आणि शहरातल्या खोलीची अनामत भरावी लागते, आणि नेमके त्याच दिवसांत घरात लॅपटॉपचा विषय निघतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास हाती येतो आणि कापसाचा त्याहून उशिरा. त्यामुळे प्रवेशाच्या आठवड्यात उसनवारी करून लॅपटॉप घेऊ नये, असे मी तालुक्याच्या ठिकाणी संगणक शिकवताना पालकांना आग्रहाने सांगत आलो आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत पहिले दोन-तीन महिने कॉलेजच्या संगणक कक्षावर निभावतात. तेवढ्या काळात कोणती सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरावी लागतात हे कळते, वरच्या वर्गातील मुलांचे लॅपटॉप कसे चालतात हे पाहायला मिळते, आणि सणासुदीच्या दिवसांत किमतीही काहीशा उतरलेल्या असतात.

लॅपटॉप निवडताना आपण कोठे राहतो याचा विचार सहसा केला जात नाही. पदवी आता अनेक ठिकाणी चार वर्षांची झाली आहे, म्हणजे यंत्राला चार उन्हाळे काढायचे आहेत. बहुतेक कंपन्या आपल्या लॅपटॉपसाठी सभोवतालचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस धरतात आणि तसे त्यांच्या तांत्रिक माहितीपत्रकात लिहिलेले असते. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी काय स्थिती असते हे वेगळे सांगायला नको. त्यात लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि कंपनीचे दुरुस्ती केंद्र बहुधा नागपूर, अमरावती किंवा अकोला अशा शहरातच असते. म्हणून ज्या भागांमुळे यंत्र चौथ्या वर्षीही कामाचे राहील त्यांवर आधी पैसा खर्च करावा, आणि दिसण्याचा, रंगाचा व झगमगत्या कळफलकाचा विचार त्यानंतर करावा.

मुळात काम काय आहे, ते आधी पाहू. कला शाखेच्या विद्यार्थ्याला लेखन, वाचन, ऑनलाइन व्याख्याने आणि स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्या एवढेच करायचे असते. वाणिज्य शाखेत त्यात एक्सेल आणि टॅली यांची भर पडते. कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला प्रयोगांच्या नोंदी, तक्ते, थोडे संख्याशास्त्र आणि कधी नकाशांवरचे काम करावे लागते. या सर्वांना मध्यम दर्जाचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरील जड चित्रकाम सांभाळणारा स्वतंत्र भाग) नसलेला लॅपटॉप पुरेसा असतो. संगणक शाखेतील विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंगसाठीही ग्राफिक्स कार्ड लागत नाही, परंतु मोबाइलचे ॲप तयार करण्याचा अँड्रॉइड स्टुडिओ ८ जीबी रॅमवर, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीवर, रखडतो, म्हणून त्याने १६ जीबीच्या खाली जाऊ नये. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना सुरुवातीचा अभ्यास गूगल कोलॅबसारख्या विनामूल्य ऑनलाइन सुविधेवर करता येतो. स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीत मात्र ऑटोकॅडची साधी द्विमितीय रेखाटने कोठेही चालत असली, तरी रेव्हिट, सॉलिडवर्क्स, अ‍ॅन्सिस अशी त्रिमितीय आणि विश्लेषणाची कामे तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात, आणि तेथे एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेतील वेगळे कार्ड उपयोगी पडते. याच शाखांतील विद्यार्थ्यांनी अ‍ॅपलचा मॅकबुक घेण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण सॉलिडवर्क्ससारखी काही सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी बनलेली असतात. विंडोजऐवजी गूगलच्या क्रोम ओएसवर चालणारे क्रोमबुक स्वस्त मिळते, पण त्यावर टॅली किंवा ऑटोकॅड नेहमीच्या पद्धतीने टाकता येत नाही, आणि त्याचे बरेचसे काम इंटरनेटवर अवलंबून असल्याने जेथे मोबाइलची रेंज शोधत गच्चीवर जावे लागते तेथे ते सोयीचे नाही.

प्रोसेसरच्या, म्हणजे यंत्राची सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपच्या, बाबतीत सर्वाधिक फसगत होते, त्यामुळे त्याकडे थोडे बारकाईने पाहू. दुकानात विचारणा होते ती ‘आय५ आहे का’ एवढीच, आणि या एका अक्षर-आकड्यावर हजारो रुपयांचा निर्णय होतो. खरे पाहता आय३, आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या फक्त वर्गाची नावे आहेत. त्यांच्यापुढे जो क्रमांक असतो त्यात खरी माहिती असते. इंटेलचा कोअर आय३-१२१५यू हे उदाहरण घेतल्यास, त्यातील १२ हा आकडा बारावी पिढी दाखवतो आणि शेवटचे यू हे अक्षर तो कमी वीज खाणारा असल्याचे सांगते. या आय३ मध्ये एकूण सहा कोअर आहेत. कोअर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे हात असे समजले तरी चालेल. त्याच्या तुलनेत आठव्या पिढीतील आय५-८२५०यू मध्ये चारच कोअर होते. म्हणजे नव्या पिढीचा आय३ जुन्या आय५ पेक्षा सरस ठरू शकतो, आणि ‘आय५’ असे स्टिकर लावलेला जुना लॅपटॉप नव्याच्या भावात घेणारा माणूस नुकसान करून घेतो. उलट केवळ पिढी नवी म्हणून यंत्र चांगले असेही नाही: तेराव्या पिढीतील आय३-१३०५यू मध्ये पाचच कोअर आहेत, म्हणजे बाराव्या पिढीतील वरच्या उदाहरणापेक्षा एक कमी.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये हा घोळ आणखी खोल आहे. कंपनीच्या ७००० मालिकेत क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाशी निगडित असतो, पण आतील रचना किती नवी आहे हे तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू हे क्रमांक कोणालाही सख्खे भाऊ वाटतील. प्रत्यक्षात पहिल्यात २०१९ साली आलेल्या झेन २ या रचनेचे चार कोअर आहेत, तर दुसऱ्यात त्यानंतरच्या झेन ३ रचनेचे सहा. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. विक्रेता दोन्हींना ‘रायझन ५, सात हजार सिरीज’ म्हणतो आणि त्यात तो खोटे बोलत नसतो. म्हणून पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि घरी येऊन मोबाइलवर तपासावा, मगच पैसे मोजावेत. सेलेरॉन किंवा दोन कोअरचे तत्सम प्रोसेसर असलेले अगदी स्वस्त लॅपटॉप कॉलेजसाठी घेऊ नयेत. ते पहिल्या वर्षीच अडखळतात आणि गरीब घराचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते याच खरेदीत.

क्रमांकाच्या शेवटी यू ऐवजी एच असेल तर तो प्रोसेसर अधिक ताकदीचा, पण अधिक वीज घेणारा आणि अधिक तापणारा असतो. इंटेलच्या यू वर्गातील प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा साधारण १५ वॅट असते, एच वर्गाची ४५ वॅट. ज्यांना सॉलिडवर्क्ससारखी जड कामे करायची आहेत त्यांना एच वर्ग लागतो, मात्र तो घेताना तो लॅपटॉप दोन किलोहून जड असेल, सोबतचा अडॅप्टर विटेएवढा असेल आणि बॅटरी लवकर उतरेल, हे गृहीत धरावे. रोज एसटीने ये-जा करणाऱ्या आणि बॅगेत डबा, पाण्याची बाटली व वह्या घेऊन उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलीला दीड किलो आणि अडीच किलो यांतला फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

रॅम म्हणजे काम करण्यासाठी पसरलेली सतरंजी आणि साठवण म्हणजे घरातली कोठी. सतरंजी लहान असेल तर एक वस्तू उचलून ठेवल्याशिवाय दुसरी मांडता येत नाही, आणि यंत्र संथ होते ते याच उचल-ठेवीमुळे. विंडोज ११ सुरू होताच ३ ते ४ जीबी रॅम सहज व्यापते. त्यावर ब्राउझरच्या दहा खिडक्या आणि एक व्हिडिओ व्याख्यान चालू केले की ८ जीबी काठोकाठ भरते. आज चार वर्षांच्या हिशेबाने १६ जीबी घ्यावी. तेवढे बजेट नसेल तर ८ जीबीचा असा लॅपटॉप निवडावा ज्यात रॅमसाठी एक खाच मोकळी आहे, म्हणजे पुढल्या हंगामात पैसे आल्यावर ती वाढवता येईल. ‘पुढे वाढवता येते का, आणि खाच किती’ हा प्रश्न दुकानात विचारलाच पाहिजे, कारण आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम कायमची जोडलेली असते.

साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, ती संथ असते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरील धक्क्यांनी बिघडू शकते. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. ५१२ जीबी पुरेशी आहे. नव्या लॅपटॉपवर ती ४७६ जीबीच दिसते म्हणून दुकानदाराने फसवले असे समजू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे. ‘ईएमएमसी’ असे लिहिलेली ६४ किंवा १२८ जीबीची साठवण मात्र टाळावी, कारण ती संथ असून विंडोजच्या अद्ययावतीकरणांनीच भरून जाते.

पडद्याविषयी थोडक्यात सांगायचे तर १९२० बाय १०८० बिंदूंचा आणि आयपीएस प्रकारचा असावा. दुकानात यंत्र थोडे तिरपे करून पाहावे. रंग फिके पडले तर तो आयपीएस नाही. लाईन गेल्यावर ओसरीत किंवा झाडाखाली बसून अभ्यास करण्याची वेळ येणारच असेल तर उजेडाची क्षमता ३०० निट्स किंवा अधिक असलेला पडदा पाहावा, कारण स्वस्त लॅपटॉपमधील २५० निट्सचा पडदा दिवसाच्या उजेडात आरशासारखा वाटतो.

आता विजेकडे वळू. जाहिरातीत ‘दहा तास बॅटरी’ असे लिहिलेले असते, ते बाजूला ठेवून बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये किती आहे ते पाहावे. यू वर्गाचा लॅपटॉप लिहिण्या-वाचण्याच्या हलक्या कामात साधारण ८ वॅट वीज घेतो असे धरल्यास ४२ वॅट-अवरची बॅटरी सुमारे पाच तास आणि ५६ वॅट-अवरची सुमारे सात तास चालेल. व्हिडिओ व्याख्याने पाहिली आणि उजेड वाढवला तर हा वेळ घटतो, आणि बॅटरी जुनी होत जाते तसा आणखी घटतो. जेथे भारनियमनाचा भरवसा नाही तेथे ५० वॅट-अवरच्या वरची बॅटरी असलेला लॅपटॉप घेणे हे प्रोसेसरची एक पायरी वर चढण्यापेक्षा शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर आणखी सोय होते, कारण ६५ वॅटचा एकच चार्जर फोनलाही चालतो आणि तो हरवला तर बाजारात सहज मिळतो. परंतु प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंगचा नसतो; काही पोर्ट केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात, त्यामुळे ‘पॉवर डिलिव्हरी’ ही सोय असल्याची खात्री करून घ्यावी.

गावातील कमी दाबाच्या विजेची भीती बाळगून अनेक जण लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर विकत घेतात, त्याची गरज नसते. अडॅप्टरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे दिवा मिणमिणत असला तरी तो आपले काम करतो. त्याला घातक असते ती वीज कडाडताना तारेतून येणारी लाट. मृगाच्या पहिल्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की पिन सॉकेटमधून काढून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. धातूच्या आवरणाच्या लॅपटॉपला चार्जिंगच्या वेळी हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर तो बहुधा यंत्राचा दोष नसून घराच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसल्याची खूण असते. तीन पिनांच्या अडॅप्टरला दोन पिनांचा जोड लावून वापरू नये आणि अर्थिंग वायरमनकडून नीट करून घ्यावे.

उष्णतेचा परिणाम दोन प्रकारे होतो. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो, त्यामुळे हिवाळ्यात झरझर चालणारा लॅपटॉप मे महिन्याच्या दुपारी सुस्त होतो आणि मुलांना वाटते की व्हायरस शिरला. दुसरा परिणाम कायमचा असतो: लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेली व सतत चार्जरला लावलेली असेल तर आणखी लवकर. बहुतेक कंपन्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिलेली असते. उन्हाळ्यात आणि सलग लाईन असलेल्या दिवसांत ती चालू ठेवावी. जड काम पहाटे किंवा रात्री करावे. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, खालचे झरोके बुजतात. कूलरच्या थेट झोतात तर मुळीच ठेवू नये, कारण त्या हवेत पाण्याचे तुषार असतात.

कापसाविषयी मात्र कोणत्याही माहितीपत्रकात काही लिहिलेले नसते. भाव वाढण्याची वाट पाहत आपल्याकडे कापूस घरातच गंजी लावून ठेवतात आणि त्याचे बारीक तंतू सगळीकडे उडत असतात. लॅपटॉपचा पंखा ते आत ओढून घेतो, आणि गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीवर त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचा पंखा एका हिवाळ्यात असाच घरघरू लागला. एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. दुसऱ्याने खालचे झाकण उघडून तो थर मऊ कुंचल्याने काढला आणि यंत्र पुढे तीन वर्षे चालले. म्हणून ज्या खोलीत कापूस आहे तेथे लॅपटॉप वापरू नये आणि वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, पंखा साफ करून घ्यावा.

दुरुस्तीची सोय हा भाग लॅपटॉपच्या किमतीचाच एक हिस्सा समजावा. वॉरंटी दोन प्रकारची असते: एकीत आपण यंत्र केंद्रावर नेऊन द्यायचे असते, दुसरीत तंत्रज्ञ घरी येतो. दुसरी चांगली, पण ती आपल्या पिन कोडला लागू आहे का हे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक क्रमांकावर आधी विचारावे. धारणी किंवा सिरोंचा येथील विद्यार्थ्याला दोनदा केंद्रावर जावे लागले तर प्रवासाचा खर्च आणि बुडालेले दिवस यांतच स्वस्ताईचा फायदा संपतो. विद्यार्थी जेथे शिकायला राहणार आहे त्या शहरात कोणत्या कंपनीचे केंद्र आहे ते पाहून कंपनी निवडणे हा साधा आणि उत्तम मार्ग आहे. पडणे किंवा पाणी सांडणे यांवरचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. वसतिगृहात चार जणांच्या खोलीत राहणाऱ्याने ते घ्यावे.

बजेट फारच कमी असेल तर नव्या पण दुबळ्या लॅपटॉपपेक्षा कार्यालयांतून निघालेला, तपासून पुन्हा विक्रीस आणलेला लॅपटॉप बरा. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक या मालिका मजबूत असतात, आणि त्यांतील बऱ्याच मॉडेलांत रॅम व बॅटरी बदलता येते. येथे एक अट कसोशीने पाळावी. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यातील मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता यांची तुलना केली की बॅटरी किती उरली आहे ते उघड होते. विक्रेत्याला तो अहवाल समोर काढायला सांगावे, आणि किमान सहा महिन्यांची लेखी हमी घ्यावी.

सॉफ्टवेअरचा खर्चही आधीच मोजावा. ‘डॉस’ असे लिहिलेल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये विंडोज नसते, आणि दुकानात फुकट टाकून मिळणारे विंडोज बहुधा बनावट असते. एमएस ऑफिस कायमचे दिले आहे की महिन्याभराचा नमुना आहे हे विचारावे. कॉलेजने ई-मेल खाते दिले असेल तर त्यावर ऑफिसची ऑनलाइन आवृत्ती विनामूल्य मिळू शकते, नाहीतर लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर आहेच. त्यात मराठीही नीट लिहिता येते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी विंडोजमधील ‘मीटर्ड कनेक्शन’ ही सोय चालू करावी, नाहीतर दिवसाचा डेटा अद्ययावतीकरणातच संपतो.

पैसे उभे करताना लक्षात ठेवावे की अभ्यासक्रमासाठी संगणक आवश्यक असेल तर शैक्षणिक कर्जात त्याचा खर्च धरण्याची तरतूद आहे, म्हणून कर्जाचा अर्ज भरतानाच लॅपटॉपचे कोटेशन जोडावे. क्रेडिट कार्डावरील ‘विनाव्याज हप्ता’ अगदी विनाखर्च नसतो: व्याजाइतकी सूट किमतीत दिली जाते, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्क द्यावे लागते. हप्त्यांचा काळ ठरवताना आपले उत्पन्न दरमहा येत नाही, हंगामाला येते, हे दुकानातल्या फायनान्सवाल्याला ठाऊक नसते. ते आपण लक्षात ठेवायचे.

खरेदी दुकानातून असो वा ऑनलाइन, खोके उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे. खोक्यावरचा, यंत्राच्या तळावरचा आणि जीएसटी बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे ना ते जुळवावे, आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते पाहावे. बराच काळ दुकानात पडून राहिलेल्या यंत्राची वॉरंटी कधीकधी आधीच सुरू झालेली दिसते. तसे असल्यास बिल दाखवून कंपनीकडून तारीख दुरुस्त करून घेता येते, मात्र ते पहिल्या आठवड्यातच करावे. बिलाचा फोटो काढून तो स्वतःला ई-मेल करून ठेवावा, कारण पातळ कागदावरचे छापील बिल आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात कोरे होते.